सारजाआजीच्या दुधात पाणी

कॉलेजात आम्हाला आम्ल शिकवलं, अल्कली शिकवलं, काचेची नळी धुवून उपडी कशी ठेवायची तेही शिकवलं. पण समोरच्या माणसाच्या तोंडावर "तुमच्या दुधात पाणी आहे" हे कसं म्हणायचं, ते काही कुणी शिकवलं नाही. आणि माझी नोकरी म्हणजे, खरं सांगायचं तर, तेवढं एकच वाक्य. बाकी सगळं मशीन करतं.

मी अश्विनी. पिंपरी पेंढारच्या पुढं ओढा ओलांडला की आमची वाडी. बीएस्सी झाल्यावर चाकणला एखाद्या औषधाच्या कंपनीत पांढरा कोट घालून काचेच्या खोलीत बसायचं, असं माझं ठरलेलं होतं. कंपनीचं काही ठरलेलं नव्हतं, एवढीच अडचण. मग वाडीच्या डेअरीत दूध तपासायला माणूस पाहिजे असं निघालं आणि आईनं माझं नाव पुढं केलं. पांढरा कोट मिळाला, खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच आठवड्यात त्याला आंबलेल्या दुधाचा आणि कॅन धुवायच्या सोड्याचा असा वास बसला की आई तो उंबऱ्याच्या आत घेऊ देईना.

ही नोकरी मला मिळाली ती सारजाआजीमुळं. मिटिंगमध्ये सगळे पुरुष म्हणत होते, पोरगी कशाला, पहाटे यायचं, कॅन उचलायचे, लोकांची तोंडं ऐकायची, ते पोरीचं काम नाही. डेअरीचे सेक्रेटरी कुशाबातात्या नुसते मान डोलवत होते. ते कुणीही बोललं तरी मान डोलवतात. तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेली सारजाआजी उठली.

"तुमची पोरं रातभर मोबाईल बगत्यात आन् सकाळी ऊन अंगावर येस्तवर लोळत्यात. ही पोरगी तरी येळंवर उठंल. ठिवा तिला."

झालं. ठेवलं मला. सारजाआजीपुढं आमच्या वाडीत कुणी बोलत नाही. नवरा गेला तेव्हा पोरगं पाळण्यात होतं, आणि बाईनं गाईच्या जिवावर पोरगं वाढवलं, विहीर पाडली, घर बांधलं. कुणाकडं हात पसरला नाही. दर चतुर्थीला तिच्या घरचं दूध ओझरच्या विघ्नहर गणपतीला अभिषेकाला जातं. वाडीत दुधाची शपथ घ्यायची तर लोक तिच्या गोठ्याकडं बोट करतात.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला डेअरीत नवीन मशीन आलं. आधीचा टेस्टर दूध नाकाशी धरायचा, मान हलवायचा, की झालं पास. मशीनचं तसं नाही. नमुना लावला की फॅट किती, डिग्री म्हणजे दाटपणा किती आणि पाणी किती, ते लाल आकड्यात दाखवतं. त्यात तो आकड्यांचा डबा कुशाबातात्यांनी मुद्दाम रांगेकडं तोंड करून बसवला. "कारभार कसा उघडा पायजेल," म्हणाले. थोडंफार पाणी दिसलं तर चालवून घ्यायचं, पण हद्दीबाहेर गेलं की दूध परत, असा ठराव झाला. परत करायचं कुणी? टेस्टरनं. ठराव करायला तात्या आणि शिव्या खायला मी.

पहिला सापडला स्वराज. माझ्याच बरोबरचा, शाळेत एका वर्गात होतो. ट्रॅक्टर चालवतो आणि बोलतोही तेवढ्याच आवाजात. त्याच्या दुधाला मशीननं लाल आकडा दाखवला.

"दुधात पाणी आहे," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

"काय?"

"पाणी आहे म्हटलं!" आता मात्र इतक्या जोरात गेलं की पार मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेलं असणार.

"ए, कुणाला चोर म्हणती गं? आमच्या घरात पाच गायी हायेत, तुझ्या बापाकडं एक तरी हाय का?"

बापावर गेला म्हटल्यावर माझंही डोकं सटकलं. मी त्याची किटली उचलून कट्ट्याच्या बाहेर ठेवली आणि म्हणाले, "पाच गायी आणि एक विहीर, असं सांग." रांगेतले लोक हसले. स्वराज काळानिळा झाला. त्या दिवसापासून त्यानं माझं नाव पाणीवाली मॅडम पाडलं, आणि माझ्या बोलण्यानं ते भांडण आणखीच चिघळलं, हे मला कळत होतं. पण तोंडातून गेलेलं परत थोडंच घेता येतं!

सारजाआजी त्या दिवशी पेंड न्यायला आलेली होती. तिनं सगळ्यांदेखत मला सांगितलं, "अशे, भिऊ नगं. एकाला एक आन् दुसऱ्याला एक, आसं मातर करू नगं. उद्या माज्या दुधात निघालं तर माज्याबी तोंडावर सांगायचं. काय?"

"हो आजी," मी म्हणाले. हो म्हणायला काय जातंय! तिच्या दुधात कुठलं पाणी निघतंय?

निघालं की. बुधवारी सकाळी.

किटली घेऊन आली होती आरतीवहिनी, सारजाआजीची सून. घोडेगावकडची, लग्न होऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. नवरा नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचा टेम्पो चालवतो, पहाटे जातो तो दिवेलागणीला येतो. घरात ह्या दोघीच. धार काढायची ती सारजाआजीनंच, सुनेला गाईच्या सडाला हात लावू द्यायची नाही. वहिनीचं काम किटली उचलून डेअरीला घालायची, एवढंच. बोलायला एकदम कमी. रांगेत उभी राहिली तरी आहे की नाही कळायचं नाही.

मी नमुना लावला आणि लाल आकडा आला. मला वाटलं नळीत धुण्याचं पाणी राहिलं. नळी झटकली, परत लावलं. तोच आकडा. मागच्या काकांचं दूध लावून पाहिलं, ते चोख. परत वहिनीचं लावलं. लाल.

मी वर पाहिलं तर वहिनीच्या तोंडावरचं सगळं रक्त उतरलेलं. ती पुढं वाकून हळूच म्हणाली, "ताई, देवाशपथ म्या न्हाई घातलं. आत्याबाई भरून देत्यात ती तशीच आणते मी."

"काय झालं मॅडम?" मागून स्वराजचा आवाज. "आमच्या दुधात पाणी आन् म्हातारीच्यात गंगाजल का? बोला की. का आता मशीन बिघडलं?"

रांगेत कुजबुज सुरू झाली. आणि ती कुजबुज सारजाआजीवर गेलीच नाही हो! सरळ सुनेवर गेली. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "सासू देवमाणूस, आन् सून बघा." "वाटेत नळ हाय ना शाळेपाशी." "चार वाट्या दूध काढून घ्यायचं आन् तेवढं पाणी वतायचं, सोपं हाय." दीड वर्ष जिचा आवाज कुणी ऐकला नाही, ती बाई एका मिनिटात चोर झाली. माझ्या मशीनमुळं. मला इतका संताप आला, की कुणावर काढू ते कळेना.

"दूध परत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? नियम सगळ्यांना एक. वहिनीनं किटली उचलली आणि मान खाली घालून निघाली. घराकडं नाही गेली. कोपऱ्यावरच्या चिंचेखाली तशीच उभी राहिली. दूध परत घेऊन घरी जायची तिची छाती होईना.

रांग संपल्यावर मी कुशाबातात्यांना गाठलं. "तात्या, तुम्ही सारजाआजीला सांगा. तुम्ही सेक्रेटरी आहात."

तात्या चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. "आगं, टेस्टर तू. टेस्टरनं सांगावं. संध्याकाळी घरीच जा तिच्या. निवांत सांग, गोडीनं सांग."

"तुम्ही पण चला."

"मी आलो आसतो गं. पर मला ओझरला जायचंय, चतुर्थी हाय."

"चतुर्थी होऊन आठवडा झाला, तात्या."

"हां, मग... मागची चुकली ना माझी," म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून पसार झाले. अशी माणसं सेक्रेटरी कशी होतात ते देव जाणे.

दिवसभर मला अन्न गोड लागलं नाही. आईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले. नोकरी सोडून द्यावी, असं दहादा मनात आलं. जिनं मला उभं केलं, तिच्याच दारात जाऊन तिच्या घरावर डाग लावायचा. आणि डाग तिच्यावर थांबणारच नव्हता, घरंगळून आरतीवहिनीवर जाणार होता. नवी सून, सासूच्या दुधात पाणी घालते, असं एकदा नाव झालं की बाईनं मरेपर्यंत धुतलं तरी जात नाही. माहेरच्यांनी कुठं तोंड दाखवायचं? पाण्यानं सगळं धुतलं जातं म्हणतात, पण हे पाणी कशानं धुवायचं?

संध्याकाळी धारेच्या वेळेला गेले. गोठ्याच्या दारात पाय ठेवला तोच आतून आवाज आला, "आलीस? ये. बस त्या बाजंवर."

सारजाआजी कमरेला पदर खोचून उभी होती. आरतीवहिनी भिंतीला चिकटून, डोळे सुजलेले.

"आजी, मला सांगायचं होतं की..."

"काय सांगायचं ऱ्हायलंय? स्वराज्याची आई दुपारीच सांगून गेली समदं, वर चा पिऊन गेली. तुजं काम तू केलंस, तुज्यावर माजा राग न्हाई. आता माजं काम म्या करते." तिनं बादली उचलली. "आज किटलीला हिचा हात लागणार न्हाई. धार म्या काढणार, किटली म्या भरणार, आन् हितून तू सवता उचलून डेरीला न्यायची. तितं मशीन लाव. पाणी न्हाई निघालं, की वाटंतल्या नळाला कोण थांबत व्हतं ते कळंल. मग हिच्या बापाला फोन लावते. घिऊन जा म्हणते तुजी पोरगी."

"आजी, असं एकदम..."

"एकाला एक आन् दुसऱ्याला एक करायचं न्हाई, म्या सांगितलं व्हतं ना तुला? मग घरातल्याला तरी कसं सोडू?"

आता सगळं त्या एका आकड्यावर आलं होतं आणि तो आकडा मीच दाखवणार होते. पाणी निघालं नाही तर वहिनी माहेरी. आणि सारजाआजीनं स्वतः भरलेल्या किटलीत पाणी कशाला निघेल? मी वहिनीकडं बघितलं तर तिनं डोळे मिटून घेतले होते.

गोठ्यात तीन गायी. दोघी गाभण, एक मागंच आटलेली, दुसरी याच आठवड्यात, निवांत रवंथ करत होत्या. एकटी चंद्री दुधाची. आजीनं तिची कास धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली. मी घारीसारखी बघत होते, पाण्याचा टिपूस कुठं आत जातोय का ते. नाही गेला. वासराला दोन घोट पिऊ दिलं, बाजूला बांधलं, आणि धार सुरू झाली. काय हात होता बाईचा! बादलीत फेसाचा नुसता ढीग. दूध चोख, डोळ्याला दिसत होतं चोख. मी मनात म्हटलं, संपलं. आता वहिनीचं काही खरं नाही.

आजीनं फडकं लावून दूध मापानं किटलीत गाळलं. मग तांब्याभर पाणी घेतलं, रिकाम्या बादलीत ओतलं, बादली चारी अंगानं फिरवली, कडेला चिकटलेलं दूध हातानं निपटून घेतलं. ते पांढरं पाणी मापात ओतलं, माप विसळलं. ते फडक्यावर ओतलं, फडकं पिळलं. आणि ते सगळंच्या सगळं, तांब्याभर, किटलीत ओतून तिनं झाकण लावलं.

"घे. ने आता."

मी आ वासून बघत राहिले.

"आजी! हे काय केलंत?"

"काय केलं?"

"पाणी घातलंत की किटलीत!"

"कुनी?"

"तुम्ही! आत्ता! माझ्या डोळ्यांसमोर!"

"ए पोरी, डोळं फुटलं का तुजं? ती इसळण हाय!"

मला असं हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीच आलं. दिवसभराचं ओझं जे छातीवर बसलं होतं ते एकदम उतरलं. कुणी चोर नाही! या घरात चोरच नाही! मी बाजेवर बसून वेड्यासारखी हसत होते आणि सारजाआजीचा पारा चढत चालला होता.

"दात काय काढती? लगीन होऊन आले तवा सासूनं पयला सांगितलं, दुधाच्या भांड्याची इसळण मोरीत टाकायची न्हाई. दूध पायदळी आलं की गाईच्या सडाला चिरा पडत्यात. लक्ष्मी हाय ती."

"मोरीत टाका असं कोण म्हणतंय? पण किटलीत कशाला?"

"दुधाचं दुधात न्हाई जायचं तर कुटं जायचं?"

"अहो आजी, ते दूध नाही. तांब्याभर पाणी आहे, नुसतं पांढरं झालेलं."

"मग इतकी वरसं न्हाई दिसलं ते तुमच्या डेरीला?"

"कसं दिसेल? आधीचा नुसता वास घ्यायचा. आणि तेव्हा तिन्ही गायी दुधाच्या, किटल्या गच्च भरायच्या, त्यात तांब्याभर कुठं कळतंय? आता दूध एकट्या चंद्रीचं. तांब्या मात्र तेवढाच."

आजीनं किटलीकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं. मग चंद्रीच्या पाठीवर हात टेकवून हळूच खाली बसली. तिला अशी बसलेली मी कधी बघितली नव्हती.

"म्हंजी म्या गं?" ती म्हणाली. "म्याच वतत व्हते?"

"मुद्दाम नाही आजी. तुम्हाला कुठं माहीत होतं?"

पण ती माझं ऐकतच नव्हती. तिचा चेहरा एकदम कसातरी झाला. "आन् इघ्नहराला? त्यालाबी म्या इतकी वरसं पाणीच वतलं व्हय गं? आगं माजे आई..." तिचा आवाज फुटला. गावाला धाकात ठेवणारी बाई, लहान पोरासारखी रडायच्या बेतात आली.

बोलली ती आरतीवहिनी. भिंतीपासून पुढं आली आणि म्हणाली, "न्हाई आत्याबाई. देवाचं दूध तुमी पयल्या धारंचं येगळं काढता, पितळंच्या तांब्यात. इसळायच्या आदी. म्या बगितलंय दर बारीला. देवाला चोख गेलंय."

सारजाआजीनं तिच्याकडं बघितलं. "खरंच?"

"गळ्याशपथ."

आजीनं ओझरच्या दिशेला हात जोडले आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला. मग उठली, तोंड पुसलं आणि काही न बोलता घरात निघून गेली. सुनेला एक शब्द नाही! "चुकलं माझं" नाही, "जाऊ दे पोरी" नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्यामागं जाणारच होते, वहिनीनंच माझा हात धरला.

"राहू द्या ताई. माहेरी जायचं टळलं, लई झालं मला." मग म्हणाली, "पर गावाच्या तोंडाला झाकण कोण लावनार?"

ते खरंच होतं. त्या गोठ्यात आम्हा तिघींना कळलं, पण वाडीत सगळ्यांच्या मते पाणी घालणारी आरतीच. मी सांगितलं असतं तरी लोक म्हणाले असते, सारजाबाईनंच नोकरी लावलीय, ती तिच्या घराचंच झाकणार. आजची किटली घरीच ठेवा आणि उद्यापासून विसळण वासराला पाजा, एवढंच मी सांगितलं आणि घरी आले. पोट अर्धं हलकं, अर्धं जड.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग नेहमीसारखी लागलेली. कुशाबातात्या ओझरहून परत आलेले, कपाळाला गंध लावून बसलेले. स्वराजची आई, शेजारपाजारच्या बायका, सगळ्या आपापल्या किटल्या घेऊन उभ्या. आणि सारजाआजी आली. स्वतः. डोक्यावर पदर, हातात किटली, मागं आरतीवहिनी. लोकांनी वाट करून दिली तरी ती पुढं आली नाही, रांगेतच थांबली. मला तर वाटलं, ही आता मलाच धरून हाणते की काय.

तिचा नंबर आला. "लाव," म्हणाली.

लावलं. आकडा आला. पाणी शून्य.

"बघितलं ना?" स्वराज मागच्यांना म्हणाला. "म्हातारी सवता आली, तर चोख. मी म्हणत नव्हतो?"

सारजाआजी वळली. "काय म्हणत व्हतास रं?"

स्वराज आईच्या मागं सरकला.

"माज्या सुनंनं पाणी घातलं, आसंच ना? तर आता कान उघडं ठिवून ऐका समद्यांनी." ती कट्ट्याची एक पायरी चढली. "पाणी म्या घातलं. ह्या हातानं. धार काढली की भांडी इसळायची आन् इसळण किटलीत वतायची, आसं म्या सासूकडून शिकले आन् आजपातूर केलं. पोरीचा काडीचाबी संबंध न्हाई. आन् काल म्या तिला चोर म्हणाले. तिच्या बापाला बोलावते म्हणाले." ती सुनेकडं वळली. "आरते, चुकलं माजं. गावानं समद्यांदेखत तुला बोल लावला, म्हून समद्यांदेखत सांगते."

मग सारजाआजीनं बायकांकडं बघितलं. "आता तुमी सांगा. इसळण कुटं वतता तुमी?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी पदर सावरला, कुणी किटलीचं झाकण बघत राहिली. शेवटी स्वराजची आई म्हणाली, "आता... दुधाचं दुधातच की. एकेका गाईमागं एकेक तांब्या."

"आये!" स्वराज ओरडला. "आन् हे मला आदी का न्हाई सांगितलं? मी चार लोकांत पाणीवाला ठरलो की!"

"तू इचारलं कधी? आल्या आल्या भांडायलाच लागतो."

मग काय, बांध फुटला. "आमीबी वततो." "आमच्यात तर बादलीपण इसळतो अन् कासंडीपण." "पाप लागतं ना वो, टाकलं तर." एक एक करत अर्धी रांग कबूल. कुशाबातात्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मला शंका आली.

"तात्या, तुमच्याकडं?"

"आमची ही," तात्या घसा खाकरून म्हणाले, "दोनदा इसळती."

डेअरी अशी हसली की रस्त्यावरचे लोक थांबून आत बघायला लागले. मी स्वराजजवळ गेले. "पाच गायी आणि एक विहीर म्हणाले होते मी. तसं म्हणायला नको होतं. चुकलं."

"जाऊ दे मॅडम," तो म्हणाला. "मीबी तुझ्या बापावर गेलो व्हतो. चुकलं." मग हळूच, "पर आमच्या विहिरीचं पाणी लई गोड हाय, तेवढं सांगून ठिवतो."

तात्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, विसळण वासराच्या घमेल्यात, दुसरीकडं कुठं नाही. या खेपेला त्यांची मान डोलली नाही, हे विशेष.

या सगळ्या गोंधळात आरतीवहिनी कट्ट्यापाशी तशीच उभी होती. कालपासून तिनं रोखून धरलेलं सगळं आता वर आलं आणि ती हुंदके देऊन मोठ्यानं रडायला लागली. इतकं मोठ्यानं की सगळे वळून बघायला लागले. तिचा एवढा आवाज असतो, हे वाडीला पहिल्यांदाच कळलं. मलाही रडू यायला लागलं.

सारजाआजी पायरी उतरून तिच्याजवळ गेली. तिचं डोकं स्वतःच्या खांद्याला लावलं आणि पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "रड बाई, रड. पर तोंड तिकडं करून रड. किटलीत थेंब पडला तर ही अश्विनी परत पाणी दावंल."

वहिनी रडता रडता फुर्रकन हसली. आजीनं पदरानं तिचं तोंड पुसलं. मी गुपचूप किटलीवर झाकण ठेवलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.